हुशार मुलांसाठी उन्हाळी शिबिर : निवड कशी करावी?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. शिबिर कोणते निवडावे, हा शहरातील पालकांपुढील प्रश्न असतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर मात्र शिबिराची वार्ता वेळेवर पोहोचतच नाही, हीच खरी अडचण आहे.

बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी याच हेतूने पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमत्तेला आव्हान मिळावे आणि तिचा समाजास उपयोग व्हावा, ही त्यामागील दृष्टी होती. शिबिराची पारख करतानाही हीच कसोटी लावणे इष्ट होय. पुढील इयत्तेचे धडे आधीच शिकविणारा वर्ग म्हणजे शिबिर नव्हे. तेथे मूल स्वतः काय करणार, कोण शिकविणार, एका मार्गदर्शकाकडे किती मुले असणार, निवास व सुरक्षिततेची व्यवस्था कशी आहे आणि शुल्क किती, याची चौकशी आधी करावी. मुख्य म्हणजे मुलाची ओढ कशाकडे आहे, हे त्यालाच विचारावे.

शुल्काचा भार न पडणाऱ्या संधीही आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१९ साली इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'युविका' हा सुटीतील निवासी कार्यक्रम सुरू केला. त्याच्या निवडीत ग्रामीण विद्यार्थ्यांना विशेष स्थान दिले जाते आणि प्रवास व निवासाचा खर्च संस्था करते. अर्ज मात्र सुटीपूर्वीच ऑनलाइन भरावा लागतो.

नेमकी येथेच काही मुले मागे पडतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व हंगाम संपल्यावर परततात. आई-वडिलांबरोबर कोपीवर राहणारे मूल गणितात कितीही तल्लख असो, सूचनाफलकावरील कागद त्याच्या दृष्टीस पडत नाही. ते परतते तेव्हा मुदत संपलेली असते.

यावर उपाय अवघड नाही. शिक्षकांनी केवळ गुणपत्रिका न पाहता प्रश्न विचारणाऱ्या, मोडके यंत्र उघडून पाहणाऱ्या मुलांची यादी दिवाळीपूर्वीच करावी. स्थलांतरित कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावा. ग्रामपंचायतीने सूचना वाचून दाखवाव्यात व ऑनलाइन अर्ज भरण्यास साहाय्य करावे.

ज्यांची निवड होणार नाही, त्यांच्यासाठी गावातच आठवडाभराचे शिबिर घेता येईल. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्याची अरविंद गुप्ता यांची पद्धत अल्पखर्चाची आहे. प्रवरेवरील भंडारदरा धरण, कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर, १९७४ साली ब्रॉंझच्या रथाची प्रतिकृती सापडलेले श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ ही तर जिल्ह्यातीलच अभ्यासस्थळे होत. पाण्याची मोजणी, झाडांची नोंद, वृद्धांच्या मुलाखती यांतूनही जिज्ञासेला खाद्य मिळते.

बुद्धिमत्ता गाव पाहून जन्माला येत नाही. ती वेळीच ओळखणे व तिच्यापर्यंत संधी पोहोचविणे हे शाळा आणि पंचायत यांचे संयुक्त कर्तव्य आहे.