परग्रहावरचे सोंग आणि पृथ्वीवरचा साचा

विज्ञानपटातील परग्रहवासी हा निव्वळ कल्पनेचा प्राणी. त्याला पृथ्वीवरच्या वंशभेदाचे काय, असे पुष्कळांना वाटते. शंका रास्त आहे. पण परग्रहावरचा माणूस अद्याप कोणी पाहिलेला नाही. त्याचे रूप ठरवणाऱ्यापुढे नमुना म्हणून कोणी येऊन बसत नाही. मग तो आपल्याच समाजाच्या अडगळीत हात घालतो, आणि तेथे पडलेल्या जुन्या साच्यांपैकी एखादा उचलतो. हे कसे घडते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण 'फ्लॅश गॉर्डन'चे. अलेक्स रेमंड यांची ही चित्रमालिका अमेरिकन वृत्तपत्रांतून १९३४ साली सुरू झाली, आणि १९३६ मध्ये तिच्यावर अनेक भागांचा बोलपट निघाला. त्यातील खलनायक मोंगो नावाच्या ग्रहाचा बादशहा. पण नाव मात्र मिंग, म्हणजे चीनच्या एका राजघराण्याचे. तुळतुळीत डोके, लोंबत्या बारीक मिशा, वर चढलेल्या भुवया. हा चेहरा मोंगोवरून आलेला नाही. सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाच्या १९१३ च्या कादंबरीतील फू मांचू या कपटी चिनी खलपुरुषाचा तो भाऊबंद होय. पडद्यावर हे सोंग घेतले ते चार्ल्स मिडलटन या गोऱ्या अमेरिकन नटाने.

त्या वेळी अमेरिकेत चिनी मजुरांना प्रवेशबंदी होती. १८८२ साली झालेला तो कायदा १९४३ साली रद्द झाला. कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांस येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघानेच त्या बंदीचा हिरिरीने पुरस्कार केला होता. चिनी मजूर थोडक्यात भागवतो, सबब तो आपला वैरी, असा तो हिशेब. मजुरीचे दर पाडणारा मालक बाजूस राहिला, आणि राग वळला तो मजुराच्या चेहऱ्याकडे. असा एखादा चेहरा दुष्टाचा म्हणून एकदा ठरून गेला, की पडद्यावर त्याची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. साच्याची सोय ती हीच.

दुसरे उदाहरण जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' मालिकेतील, १९९९ सालच्या 'द फँटम मेनेस'चे. त्यात व्यापारी महासंघाचे भित्रे, कारस्थानी पुढारी पूर्व आशियाई ढबीने बोलतात. वाट्टो हा भंगारवाला लोंबत्या नाकाचा, पैशाला हपापलेला आणि गुलाम बाळगणारा. जार जार बिंक्स हा धांदरट विदूषक, आणि त्याची बोली कॅरिबियन बेटांतील काळ्या लोकांची आठवण करून देणारी. वाट्टोमध्ये अनेक टीकाकारांना ज्यू किंवा अरब माणसाचे जुने व्यंगचित्र दिसले. जार जारमध्ये, गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करीत त्या एकोणिसाव्या शतकातील तमाशांची छाया दिसली. निर्मात्यांनी हे सारे आरोप नाकारले.

त्यांचा हेतू दुष्ट होता, असे आम्हीही म्हणत नाही. साच्याला हेतू लागत नाही. कारखान्यात साचा बसवणारा निघून गेला तरी यंत्रातून तोच माल पडत राहतो, तसेच हे आहे. शिवाय माणसाचे थेट विडंबन केले तर जाब विचारता येतो. 'हा तर परग्रहावरचा' म्हटले की जाब विचारणाऱ्याचेच हसे होते.

याची किंमत कोणी मोजली? जार जारच्या हालचाली व आवाज अहमद बेस्ट या काळ्या नटाचे होते. रूप दुसऱ्यांनी ठरवले, पण लोकांचा संताप त्याच्यावर कोसळला. त्या दिवसांत आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, असे त्यानेच २०१८ साली सांगितले. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या मालिकेत तो पुन्हा आला, तो जेडाय योद्ध्याच्या मानाच्या भूमिकेत.

म्हणजे परक्यांकडून काही घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. याच लुकास यांनी पहिल्या 'स्टार वॉर्स'साठी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस'पासून प्रेरणा घेतली, आणि तसे उघडपणे मान्यही केले. त्या उसनवारीने कोणाचा अपमान झाला नाही. वेश घ्यावा, कथा घ्यावी. एखाद्या समाजाचा चेहरा किंवा बोली घेऊन तिला लोभ, कपट नाहीतर मूर्खपणा कायमचा चिकटवणे, हा दोष आहे.

संप फोडायचा झाला की आधी 'ते लोक मुळातच तसले' ही कुजबुज सोडली जाते, हे संघटनेत काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पडद्यावरचा साचा त्या कुजबुजीची मशागत करतो. म्हणून चित्रपट जरूर पाहावा, रंगून पाहावा. पण परग्रहवासी पुढे आला, की त्याचे नाक, बोली व धंदा कोणाकडून उचलला आहे, एवढे मनाशी विचारावे. तिकिटाचे पैसे आपण दिले आहेत. प्रश्न विचारण्याचा हक्क त्यातच आला.