कमाल खेळाडू धारणा कायदा

२०२५ च्या जुलैत एका रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये जी वादावादी झाली, तिची हकीकत अर्धीमुर्धी बऱ्याच जणांच्या कानावर गेली आहे. कोणी म्हणतं मंडळात फूट पडली, कोणी म्हणतं पैशावरून झालं. यात पैसे मुळी नाहीतच. जिंकणाऱ्या घराला वर्षभर एक तांब्याचा तांब्या ठेवायला मिळतो आणि तो घासायचं कामही त्याच घराकडे. भांडण झालं ते फँटसी फुटबॉलच्या एका नियमावरून. लीगची वही आम्ही दोघं सांभाळतो, तेव्हा खरं काय ते आम्हीच सांगितलेलं बरं.

ज्यांना फुटबॉल म्हणजे एकमेकांच्या अंगावर पडणं एवढंच वाटतं (आम्हालाही पहिली दहा वर्षं तसंच वाटत होतं), त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्यात बारा घरं आहेत. प्रत्येक घर एन.एफ.एल.मधले खरे खेळाडू निवडून कागदावर एक संघ करतं. रविवारी त्या खेळाडूने प्रत्यक्षात जे केलं त्याचे गुण आपल्याला. निवड पंधरा फेऱ्यांत होते आणि आदल्या वर्षी जो शेवटचा आला त्याला पहिला मान. हे आम्ही शोधलेलं नाही, खुद्द एन.एफ.एल.मध्ये १९३६ पासून दुबळ्या संघालाच आधी निवडू देतात. आणि या कागदी खेळाची कल्पना १९६२ साली इथेच, न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात, ओकलंड रेडर्सच्या मंडळींना सुचली. म्हणजे घरोघरी कॉम्प्युटर येण्याच्याही आधीचं खूळ आहे.

आम्ही सुरू केलं २०१६ मध्ये, आणि तेही निराळ्याच कारणासाठी. हायस्कूलमधली मुलं गणपतीला यायची ती कारच्या मागच्या सीटवर तोंड वाकडं करून. नाटकाला तर नाहीच. ड्राफ्टच्या दिवशी मात्र तीच मुलं आपणहून पोहे मागून खाऊ लागली आणि काका मंडळींशी दोन-दोन तास बोलू लागली. रिसीव्हरबद्दल का होईना, बोलत होती!

आता नियम. आपल्या संघातले तीन खेळाडू पुढच्या वर्षी राखून ठेवता येत, आणि कितीही वर्षं. किंमत एवढीच, की तो ज्या फेरीत घेतला होता, त्या फेरीतली आपली निवड सोडायची. मधल्या काळात बेवारस खेळाडू उचलला असेल तर शेवटची, म्हणजे पंधरावी फेरी. पंधराव्या फेरीत उरतं काय? लग्नाच्या पंगतीत शेवटी उरतं तेच. म्हणजे किंमत जवळजवळ शून्य.

२०२३ च्या सप्टेंबरात आमच्यातल्या एका घराच्या चिरंजीवांनी, ते तेव्हा बारावीत होते, पुका नकुआ नावाचा पोरगा उचलला. लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला पाचव्या फेरीत, १७७ वा घेतलेला. नावही कोणी ऐकलं नव्हतं, आम्ही तर ते दोनदा चुकीचं लिहिलं. कूपर कप दुखापतीने बाहेर होता आणि याने पहिल्याच सामन्यात दहा झेल घेतले. वर्षाअखेर १०५ झेल, १४८६ यार्ड, नवख्या खेळाडूचे दोन्ही विक्रम तेव्हा त्याच्या नावावर. आणि आमच्या वहीत तो पंधराव्या फेरीचा, कायमचा!

त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याहून आलेलं एक नवं कुटुंब लीगमध्ये आलं. डॅलसला बदली झालेल्या एका घराचा संघ त्यांच्या गळ्यात पडला. दुसऱ्याचं जुनं फर्निचर घेतल्यासारखं ते झालं. त्यात ख्रिश्चन मकॅफ्री होता, २०२३ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, म्हणून आम्हीच त्यांना म्हटलं की नशीबवान आहात. २०२४ मध्ये तो चार सामने खेळला. ते घर शेवटचं आलं, आणि जूनमध्ये त्यांच्याकडून निरोप आला की यंदा आमचं नाव काढा.

म्हणून ती बैठक. संघ खरा चालवते त्यांची चौदा वर्षांची मुलगी. तिला आम्ही आग्रहाने बोलावलं. ती म्हणाली, "काका, पहिला पिक माझा आहे. पण पिक करायला आहे कोण?" आम्ही वही उघडली. बारा घरं, प्रत्येकी तीन, छत्तीस खेळाडू आधीच घरोघर बसलेले. तिचा पहिला मान म्हणजे खरा सदतिसावा. नऊ वर्षं वही आमच्याकडे आहे, हा साधा गुणाकार आम्ही कधी केला नव्हता.

मग रंग चढला. नकुआचे यजमान म्हणाले, "कसेल त्याची जमीन! आम्ही शोधला, आम्ही राखणार." त्यावर सांगलीचे एक काका, ज्यांच्या घरची जमीन खरोखरच गेली होती, ताडकन म्हणाले, "अहो, मग १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदाही वाचा. शोधला म्हणून पिढ्यान् पिढ्या?" दुसऱ्या कोणी आय.पी.एल. काढलं. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईने पाच जण राखले, पण बुमराहसाठी १८ कोटी मोजून. फुकट नव्हे. मग धोनी निघाला. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्याला कमी किमतीत राखण्याचा जुना नियम पुन्हा आला आणि तो ४ कोटींत चेन्नईकडे राहिला. त्यावर अर्धा तास गेला. तो कसा, ते चेन्नई आणि मुंबईच्या भक्तांना सांगायला नको.

नकुआच्या घराचंही आम्हाला पटत होतं, हे लिहिलं पाहिजे. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, ऑक्टोबर संपत येईपर्यंत तो बाहेर. सगळे म्हणत होते सोडा. त्यांनी जागा अडवून तो सांभाळला. आणि दुसरं असं, की चिरंजीव आता कॉलेजात लांब आहेत. दर मंगळवारी रात्री बेवारस खेळाडूंपैकी कोणाला घ्यायचं हे ठरवायला ते घरी फोन करतात. आठवड्यातला तो एकच फोन. यजमान हे बैठकीत बोलले नाहीत, वहिनींनी आम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं.

शेवटी असं ठरवायला घेतलं: तीनऐवजी दोन, जास्तीत जास्त दोन हंगाम, आणि दर वर्षी किंमत तीन फेऱ्यांनी वर. पंधरावीचा बाराव्यात, मग नवव्यात, मग मोकळा. अडलं ते मागची वर्षं मोजायची का यावर. इंटर्नशिपला गेलेले चिरंजीव स्पीकरफोनवर होते, ते एवढंच म्हणाले, "मोजायचं तर आजपासून मोजा." ते सगळ्यांनी मानलं. हात वर झाले सात, विरुद्ध पाच.

आमचे हात सातात होते. वर केल्यावर आमच्या लक्षात आलं, की आमचा सॅक्वॉन बार्कली आम्ही दुसऱ्या फेरीत घेतला होता. दुसरीच्या तीन फेऱ्या वर काय असतं? काही नसतं. म्हणजे २००५ यार्ड धावलेला माणूस आमच्याच मताने मोकळा झाला. आधी जायंट्सनी सोडला, मग आम्ही. न्यू जर्सीकराच्या नशिबी हा दोनदा जायचा होता.

लेबर डेच्या आधीच्या शनिवारी ड्राफ्ट झाला. नवं कुटुंब आलं, येताना साबुदाणा वडे घेऊन आलं. पहिला पिक त्या मुलीचा. तिने वहीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काकू, सॉरी हं. बार्कली."