डोंगरातील मुक्कामासाठी ताडपत्री केवढी असावी?

सह्याद्रीत उघड्यावर मुक्काम करण्यासाठी ताडपत्री निवडताना तिचे छापील माप आणि तिच्याखाली प्रत्यक्ष मिळणारी कोरडी जागा यांतील फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. दोन झाडांमध्ये ताणलेल्या आडव्या दोरीवर, म्हणजेच निवाऱ्याच्या कण्यावर, १० फूट बाय १० फुटांची ताडपत्री मधोमध टाकून तिच्या कडा खुंट्यांनी जमिनीशी पक्क्या केल्या, तर दोन्ही उतार ५-५ फुटांचे होतात. दोरी ४ फूट उंचीवर असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार खालची रुंदी ६ फूटच उरते. प्रत्येक अंथरुणाला २ फूट धरले, तर त्यात तिघेच नीट झोपू शकतात. लांबीत मात्र काटकसर करू नये, कारण दोन्ही टोके उघडी असतात आणि वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस तिथूनच आत शिरून पायाकडचे पांघरूण भिजवतो. चौघांना १५ फूट बाय १५ फुटांची ताडपत्री पुरते. परंतु चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या कापडात ती सुमारे २.५ किलो भरते, तर १० फुटी ताडपत्री १.१ किलोच्या आसपास, आणि हा फरक चढणीवर खांद्याला जाणवतो. खाली अंथरायचे प्लास्टिक छपरापेक्षा आखूडच हवे, अन्यथा बाहेर आलेल्या कडेवर पडलेले पाणी ओघळत थेट अंथरुणाखाली साचते.