बहावा यंदा कधी फुलला?

केरळात एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषू या सणाच्या पूजेला बहाव्याची पिवळीधमक फुलं लागतातच. हल्ली मात्र बहावा फेब्रुवारीतच फुललेला दिसतो, अशी चर्चा असते. नुसत्या चर्चेवर विज्ञान चालत नाही, नोंदी हव्यात.

त्या नोंदी शाळकरी मुलं ठेवतात. २०१०च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात विद्यार्थी एक झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याचं निरीक्षण करतात. कोवळी पालवी, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची-पिकली फळं... प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडी’ की ‘भरपूर’ एवढंच लिहायचं.

वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींतूनच हवामानबदलाचा झाडांवरचा परिणाम अभ्यासता येतो. उपक्रमातल्या झाडांच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. महाराष्ट्रातल्या शाळांनीही आवारातल्या एखाद्या झाडापासून सुरुवात करावी.