मांजराकाठचे भविष्यचित्र आणि आजचे वास्तव

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांपुढे उद्याचे जे चित्र होते त्यात तीन गोष्टी ठळक होत्या: धरणाचे पाणी, विजेचा पंप आणि रेल्वे. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या परिसरात या तिन्ही गोष्टींचे पुढे काय झाले, हे तपासून पाहता येते. हा मांजरा नदीच्या खोऱ्यातला पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेभरवशाचा आणि शेती मुख्यतः कोरडवाहू. १९७२ च्या दुष्काळाने माणसांना खडी फोडायला लावले आणि धरणाची मागणी आणखी तीव्र झाली.

मांजरा बालाघाटच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. तिच्यावर केज तालुक्यातच, धनेगाव येथे १९८० च्या सुमारास धरण उभे राहिले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि नियोजित सिंचनक्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर. चित्रातली पहिली गोष्ट अशी प्रत्यक्षात आली. पण धरण भरले की काठावर ऊस वाढला. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला हेक्टरी सुमारे २५ हजार घनमीटर पाणी लागते. या हिशेबाने भरलेले अख्खे धरण उसालाच दिले, बाष्पीभवनात एक थेंबही गेला नाही असे धरले, तरी जेमतेम सात हजार हेक्टर भिजते. रब्बी ज्वारीचे भागायला उसाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी पुरे. धरणाचे चित्र रंगवताना भिंतीची उंची आणि कालव्याची लांबी ठरली. कोणत्या पिकाला किती पाणी, हे मात्र कोणी कडकपणे ठरवले नाही. या भागाचे सर्वात मोठे नुकसान या चुकीने केले.

त्यातच लातूर, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब या गावांचे पिण्याचे पाणीही याच धरणावर आले. २०१५ च्या पावसाळ्यानंतर धरण कोरडे पडले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. शहराची तहान भागवायला तीनशे किलोमीटरहून लांबचे पाणी रुळांवरून येईल, हे १९६० च्या कोणत्याही चित्रात नव्हते. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस धरण पुन्हा भरले.

विजेचीही गोष्ट अशीच. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. जिल्ह्यातच वीज तयार होणार, हा त्या पिढीला मोठा आधार वाटला. पण औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. गोदावरीवरचा खडका बंधारा आटला तेव्हा, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये, केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. शेतावर वीज आली खरी, पण ठरावीक तासांची, आणि पाळी रात्रीची असली की हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून दारे धरायला जाण्याची. आता सिमकार्डावर चालणारा मोबाईल स्टार्टर घरूनच मोटार चालू करतो आणि सौर कृषिपंपांमुळे दिवसा पाणी देता येते. शेतकऱ्याचे कष्ट खरोखर हलके केले ते कोणीच न कल्पिलेल्या या दोन साधनांनी. 

स्थलांतर थांबेल, ही सगळ्यात मोठी आशा होती. ती फळली नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो. तोडणी यंत्रे आली, तरी लहान तुकड्यांच्या आणि ओल्या रानांत कोयताच चालतो. तोडायला जाणाऱ्यांच्या स्वतःच्या रानात पाणी नाही, हे या स्थलांतराचे मूळ; मुलांची शाळा दरवर्षी मधेच सुटते ती त्यामुळेच.

या मागे पडण्याचा सरकारी हिशेबही झाला. प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. तिच्या हिशेबाने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटी. हा अनुशेष भरून काढण्यासाठी विकास मंडळे १९९४ मध्ये आली. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

रेल्वेने सर्वांत जास्त वाट पाहायला लावली. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्ये आली आणि बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. पुढचा मार्ग वडवणीकडून परळीला जातो. केज तालुका त्यापासून बाजूलाच राहतो.

आता मराठवाडा वॉटर ग्रीडचे नवे चित्र समोर आहे. जायकवाडी, माजलगाव, मांजरासह अकरा धरणे मोठ्या जलवाहिन्यांनी जोडायची, म्हणजे एका धरणातली तूट दुसऱ्यातून भरता येईल, अशी ती योजना. पण एकाच वर्षी साऱ्या मराठवाड्यावर पाऊस रुसला, तर अकराही धरणांत कमी पाणी असेल. म्हणून पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा आणि उसाखालच्या क्षेत्राची मर्यादा या दोन गोष्टी जलवाहिन्या टाकण्याआधी लेखी ठरायला हव्यात.