हवा फुकट मिळते, मग गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल?



पिरंगुट, पौड किंवा ताम्हिणीच्या वाटेवर टायर-पंक्चरचं दुकान टाकायचा विचार करताय? मग आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तर गाडीवाला तुमच्याकडे का थांबेल?

माझं उत्तर सोपं आहे : बरोबर आकड्यासाठी. हवामान बदललं की हा आकडा बदलतो. हे ज्याला कळतं आणि गिऱ्हाईकाला समजावून सांगता येतं, त्याचा धंदा टिकतो.

हिशोब समजून घ्या

तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं, की कारच्या टायरमधली हवा साधारण दीड पीएसआय कमी दाखवते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ३८ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंश धरा. फरक २६ अंशांचा, म्हणजे जवळपास ४ पीएसआयचा. मे महिन्यात ३३ भरलेला टायर थंडीत २९ दाखवणार, तेही कुठे पंक्चर नसताना! शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा आपोआप जाते, ती वेगळीच.

नेहमी होणारी चूक

चांदणी चौकातून गाडी चालवत कोणी तुमच्याकडे आला. टायर तापलेले आहेत, गेज ३७ दाखवतोय. पोरगा लगेच हवा सोडून ३३ करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाल्यावर तिथे २९ च उरतात. आणि त्याच गाडीत पाच माणसं अन् सामान भरून कुटुंब ताम्हिणी उतरून कोकणात निघालेलं असतं.

हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, तापते आणि फुटू शकते. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले, तेव्हा परिवहन विभागाला तिथे टायर तपासणी सुरू करावी लागली, ती उगाच नाही.

दुकानात हे नियम लावा

१. आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी असलेल्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरायची नसते.

२. गाडी तीन तास उभी असेल, तरच ते गार माप धरा. तापलेल्या टायरची हवा सोडू नका. तापलेला असूनही आकडा स्टिकरपेक्षा कमी असेल, तर हवा नक्कीच कमी आहे. भरा आणि उद्या सकाळी परत बोलवा.

३. "पावसात हवा कमी ठेवा, पकड वाढते" असं कोणी म्हणालं, तर मान डोलवू नका. हवा कमी असली की टायरच्या खाचा पाणी नीट बाहेर टाकत नाहीत आणि गाडी पाण्यावर तरंगते. ताम्हिणीच्या पावसात ही चूक महागात पडते. आणि खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर टायर बदलायलाच सांगा.

४. नायट्रोजन विकताना खरं बोला. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, जरा हळू झिरपतो. पण थंडीत त्याचंही प्रेशर उतरतं, त्यामुळे तपासणी चुकत नाही.

कमाई कुठे आहे?

एक वही घाला. गाडी नंबर, तारीख, टायर गार की गरम, चारही चाकांचे आकडे आणि स्टेपनीचा पाचवा. महिन्याभराने तीन चाकं एकेक पीएसआय उतरली आणि चौथं सहा उतरलं, तर तिथे खिळा किंवा व्हॉल्व्हची गळती असणार. हे तुम्ही वहीतून दाखवलंत, की गिऱ्हाईक काम सांगताना घासाघीस करत नाही. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला भाग झिजला तर जास्त होती, एकच कड झिजली तर अलाइनमेंट तपासा. हवेचे दहा रुपये घेतले काय अन् नाही घेतले काय, खरं काम या नोंदीतून येतं.

दुकान सकाळी लवकर उघडा. गार टायर तेव्हाच भेटतो, आणि शनिवार-रविवारी ताम्हिणीला जाणारे पर्यटकही.

आजचं काम : एक चांगला डिजिटल गेज घ्या आणि घरच्या गाडीचं माप पहाटे व दुपारी प्रवासानंतर, दोन्ही वेळा लिहा. तो फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघितलात, की गिऱ्हाईकाला काय सांगायचं हे शिकवावं लागणार नाही.