बोट विकणे आहे

पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने बोटीकडे धड पाहिलंही नाही. जेटीवरून उतरला, चपला काठावर ठेवल्या, आत चढला आणि थेट इंजिनच्या हेडवर तळहात टेकवला.

“थंड आसा मा?”

“काल सांजेक बंद केलंय. तेच्यानंतर कोणी हात लावक नाय,” मामा म्हणाला.

मी फोटो काढायला आले होते. आधी बोट दिसेल, मग बोलणं होईल, अशी माझी समजूत. पण गरम इंजिन कुठलंही चालू होतं; रात्रभर खारी हवा खाल्लेलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन सकाळी किती फेऱ्यांत बोलतं, त्यावरून त्याची खरी प्रकृती कळते. काही विकणारे गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी इंजिन फिरवून ठेवतात, आणि घेणारे ते जाणून असतात. म्हणून आधी तळहात.

मामाने हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन खोकलं आणि लागलं. धूर आला तो काळा, मग हळूहळू विरळ झाला. तो माणूस धुराकडे असा बघत होता, जसा वैद्य जिभेकडे बघतो. काळा धूर थोडा वेळ आला तर बिघडत नाही. डिझेल पुरतं जळत नाही, इंजेक्टर साफ करावा लागेल, इतकंच. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर पाणी आत शिरतंय, तेही खारं. मग त्याने दांडा ओढून ऑइल बोटांवर चोळलं. दुधाळ दिसलं असतं तर चहा न घेताच गेला असता. चहा घेतला, म्हणजे बोलणं पुढे सरकलं. तरी त्या दिवशी सौदा झाला नाहीच.

मामाची बोट फायबरची, 28 फुटी, 2012 साली बांधून घेतलेली. गुडघे गेले म्हणून विकायची होती. समुद्राचा कंटाळा आला म्हणून नव्हे. ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगावी की नाही, यावर घरात दोन दिवस वाद चालला. मामीचं म्हणणं, गुडघ्याचं सांगितलं की समोरचा गरजवंत समजतो आणि दर पाडतो. मामाचं म्हणणं, कारण सांगितलं नाही तर समोरचा ते स्वतः शोधतो, आणि तो जे शोधून काढतो ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. मला मामाचं पटलं. मामीलाही पटलं असावं, पण तिने ते कबूल केलं नाही.

मी फोनवर टाकायला जाहिरात लिहून दिली होती. ‘उत्तम स्थितीतील मासेमारी बोट तातडीने विकणे आहे.’ मामाने चष्मा लावून वाचली.

“तातडीन लिवलंस काय पन्नास हजार थयच गेले.”

मग ‘उत्तम स्थितीतील’ही गेलं. शेवटी राहिली ती लांबी, साल, इंजिनाची सिलिंडरं, नोंदणी चालू, परवाना चालू, आणि उजव्या कुशीला दुरुस्ती केलेली आहे, हे वाक्य. ते लिहिताना माझाच हात थरथरला होता.

खरं तर बोट मे महिन्यातच गेली असती. तेव्हा एकाने रोख पैसे काढून दाखवले होते, पण आकडा हलका. त्याचं कारण मला उशिरा कळलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, 61 दिवस. त्याआधी बोट पाण्याबाहेर ओढायची, झापांनी शाकारायची, इंजिनात ऑइल घालून ते झाकून ठेवायचं. या सगळ्याला माणसं लागतात आणि पैसा लागतो. मे महिन्यात घेणाऱ्याला बोट नको असते, दोन महिन्यांची ती राखण नको असते, आणि विकणारा नेमका त्या खर्चाला टेकीला आलेला असतो. म्हणून मेमधला दर पडका. उलट नारळी पौर्णिमा जवळ आली की घेणारे शोधत येतात, भाव चढतो; पण तेव्हा समुद्र खवळलेला, बोट चालवून दाखवायची सोय नाही. न चालवलेल्या बोटीला कोणी पूर्ण पैसे मोजत नाही. हा पेच मामाने सोपा सोडवला. शाकारणीचा खर्च आपल्या अंगावर घेतला, हंगाम लागल्यावर पुतण्याला घेऊन महिनाभर स्वतः मासेमारी केली, आणि सप्टेंबरच्या अखेरीला, पाणी निवळल्यावर, बोट विकायला काढली. धंदा करत असलेली बोट विकायला काढणं म्हणजे निम्मा दर आधीच सिद्ध करणं.

आता त्या दुरुस्तीचं.

फायबरच्या बोटीच्या बरगड्यांच्या आत लाकूड किंवा प्लायवूड असतं, वरून फायबर चढवलेलं. कुठे तडा गेला की पाणी आत मुरतं, लाकूड फुगतं, कुजतं, आणि वरून काहीच दिसत नाही. मामाच्या बोटीत पाच वर्षांपूर्वी उजव्या कुशीच्या दोन बरगड्या अशाच गेल्या होत्या. कापून नव्या टाकल्या, वरून फायबर मारलं, रंग दिला. रंगाखाली तो तुकडा कोणाला सापडला नसता. किंवा मला तसं वाटत होतं.

दुसरं गिऱ्हाईक वेंगुर्ल्याकडचं, बाप-लेक. बाप बोटीत चढलाच नाही. जेटीवर उकिडवा बसून तो बोटीची पाण्यातली बैठक बघत होता. प्रत्येक बोटीच्या अंगावर पाण्याची रेषा असते, रंगाचा पट्टा बदलतो ती. त्या रेषेच्या वर शेवाळ आणि बारीक शिंपल्यांची दुसरी रेषा उमटली असेल, तर बोट हवी त्यापेक्षा खाली बसतेय. म्हणजे तिच्या अंगात पाणी मुरलंय. मामाच्या बोटीची शेवाळी रेषा रंगाच्या पट्ट्यालाच चिकटून होती. मग लेक आत उतरला आणि खिळे ठोकायच्या हातोडीच्या लाकडी दांड्याने कुशीवर ठोकत निघाला. टण, टण, टण. उजवीकडे एके ठिकाणी आवाज थोडा बसका आला. त्याने वर पाहिलं.

“थय दोन बरगडे बदललेत,” मामा आधीच म्हणाला. “आत बग, जुनी कापलेली कड दिसतली.”

लेकाने बापाकडे पाहिलं, बापाने मान हलवली. नंतर चहा पिताना कळलं, त्यांना हे सगळं येण्याआधीच ठाऊक होतं. ज्या फिटरने मामाच्या बोटीचं इंजिन दोनदा खोललं त्याला त्यांनी फोन केला होता. ज्याने बरगड्या बदलल्या तो कारागीर त्यांच्या गावच्या बोटीही करतो. बर्फवाल्याकडेही विचारणा झाली होती. एवढंच कशाला, डिझेल मच्छीमार सोसायटीकडून घेतलं जातं, करपरतावा तिथूनच मिळतो. लेकाने त्या पावत्या मागितल्या. कुठल्या महिन्यात किती लिटर उचललं हे पाहिलं, की बोट किती पळाली ते समजतं. इंजिनाला तास मोजणारं मीटर नव्हतं, पावत्या होत्या.

तेव्हा मला किनाऱ्यावरच्या या बाजाराचा धागा सापडला. शहरात जुनी गाडी विकताना दोन अनोळखी माणसं समोरासमोर येतात, आणि एकाला जे ठाऊक असतं ते दुसऱ्याला नसतं. इथे तसं नाही. बोट बारा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आली-गेली आहे. कुठल्या वादळात नांगर सुटला, कुठल्या तांडेलाने ती वाळूवर चढवली, सगळं गावाला पाठ. विकणाऱ्याच्या हातात फक्त एकच गोष्ट उरते: समोरच्याला जे ठाऊक आहे तेच तो सांगतो की नाही. दोन बरगड्या लपवल्या असत्या तर त्यांनी न लपवलेल्या दहा गोष्टींचाही दर कापला असता.

लाकडी बोटींचा प्रकार निराळा. हल्ली काही जुन्या लाकडी बोटींवर वरून फायबरचा थर चढवतात. बोट नव्यासारखी दिसते, आतल्या फळ्या मात्र खाऱ्या पाण्यातल्या किड्याने पोखरलेल्या असू शकतात. असली बोट बघायला गेलं की जाणते आत हात घालून कोपऱ्यातलं लाकूड नखाने ओरबाडतात. नख रुतलं तर मागे फिरायचं.

तिसरा आला तारकर्लीच्या बाजूचा. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोट हवी होती. त्याचा आकडा सगळ्यांत मोठा. जाळी नकोत, बर्फाची पेटी नको, परवाना नको. मामा तासभर गप्प बसून ऐकत होता. प्रवासी न्यायचे तर बोटीची नोंद वेगळी, सागरी मंडळाची तपासणी वेगळी. ते होईपर्यंत बोट मामाच्याच नावावर राहणार. मामाला त्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. बोटीवर आयएनडी-एमएच अशी सुरू होणारी नोंद असते, आणि ती ज्याच्या नावावर त्याच्या दारात नोटीस येते. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट पळवून दहशतवादी मुंबईत आले, तेव्हापासून तर बोट कोणाची, खलाशी कोण, याची चौकशी कडक झाली. राज्याचा 1981 चा मासेमारी नियमन कायदाही 2021 मध्ये सुधारला आणि दंडाचे आकडे लाखांत गेले. विकलेल्या बोटीवर कोणी दिवे लावून मासे पकडले आणि नोटीस मामाच्या नावावर आली, तर वाढीव आकडा कुठल्या कुठे जाईल. तारकर्लीवाल्याला मामाने नम्रपणे नाही म्हटलं. मामीने दोन दिवस भात करपवला.

बोट वेंगुर्ल्याच्या बाप-लेकांनी घेतली. घासाघीस अर्धा दिवस चालली. मामाने सव्वादोन सांगितले होते, ते पावणेदोनला उभे होते, आणि मधल्या पन्नास हजारांत तंगूस जाळी होती. जाळ्यांचा दर वेगळा धरायचा की बोटीत, यावर सगळा खेळ. मामाने जाळी बाहेर काढली. नुसती बोट, इंजिन आणि कागद असा दर ठरला, एक लाख चौऱ्याण्णव हजार. जाळ्यांचे बावीस वेगळे. एकत्र मागितले असते तर दोन लाखांच्या पुढे समोरचा गेलाच नसता, असं मामाचं गणित. एक दलाल मध्ये येऊ बघत होता. तो दोघांकडून घेतो, म्हणून त्याला चहा दिला आणि वाट दाखवली.

“आधी कागद, मगे होडी,” वेंगुर्ल्याचा बाप म्हणाला होता. कागद म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, मासेमारीचा परवाना, विमा, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, पाचशे रुपयांच्या स्टँपवरचा करार, आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात दोघांच्या सह्यांनी नाव बदलण्याचा अर्ज. पैसे दोन हप्त्यांत: अर्धे करारावर, अर्धे अर्जाची पोच हातात आल्यावर. बोट मात्र दुसऱ्या हप्त्यापर्यंत आमच्याच जेटीला बांधलेली राहिली. यात मामा एक इंचही हलला नाही.

बोटीबरोबर काय काय जाणार त्याची यादी मामाने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केली होती. दोर दोन गुंडे, हातपंप एक, लाइफ जॅकेट चार, वायरलेस, नांगर दोन. दोघांनी खाली सह्या केल्या. शेवटच्या दिवशी लेकाने एकेक वस्तू उचलून यादीवर बरोबरच्या खुणा केल्या, पुतण्याने दोर सोडला, आणि बोट खाडीच्या तोंडाकडे निघाली. शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळतं, ते गळू दे, घट्ट आवळू नकोस, असं मामा जेटीवरून ओरडून सांगत होता.

तिसऱ्या दिवशी शेजारचे आबा आले. अंगणात बसले, सुपारी कातरली, बोट चांगल्या दरात गेली याबद्दल समाधान व्यक्त केलं. मग म्हणाले, 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते वादळाच्या आदल्या सांजेक, आपण एक नांगर दिला होता. तो परत राहिलाच.

मामाने कॅलेंडर काढून पाहिलं. नांगर दोन. दोन्हींपुढे खूण.

आबा वजन विसरले नव्हते. बावीस किलो. मामी आतून पैसे घेऊन आली.